सूरवाल्यांच्या पायाखाली

मित्रांनो, मी एक टायर आहे. जुना म्हणावे तर माझी नक्षी अजून खोल आहे, आणि नवा म्हणावे तर माझ्या कुशीला बोटभर चीर आहे. कुशीला चीर गेलेल्या टायरला रस्त्यावर जागा नसते. म्हणून मी सध्या एका घराच्या गॅरेजमध्ये जमिनीवर आडवा पडून असतो. रोज संध्याकाळी माझ्यावर एक पाय ठेवला जातो. तो पाय कोणाचा आणि तो माझ्यावर का ठेवतात, एवढेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबर, काजळी, गंधक आणि पोलादाची बारीक तार एकत्र आली. मग मला साच्यात घालून भाजले. बाहेर निघालो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते आणि तोंडावळा माझ्या भावंडांपेक्षा तसूभरही वेगळा नव्हता. भाजताना दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही. टायरला दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच तर आम्हाला खडी, काच, ऊन, चिखल असली सगळी कामे बिनदिक्कत सांगता येतात. मला तेव्हा हा आपला मोठा गुण वाटे.

एका टायरच्या दुकानात मी भिंतीला टेकून बरेच दिवस उभा होतो. तिथे एक कुटुंब आले. त्यांच्याकडे मोठी एसयूव्ही होती, तंबू घेऊन भटकायला घेतलेली. तिचे आधीचे टायर गुळगुळीत झाले होते. वडील पियानो सुरात लावण्याचे काम करत. शाळांची सभागृहे, हॉटेले, लोकांचे दिवाणखाने, जिथे पियानो असेल तिथे ते हत्यारांची पेटी घेऊन जात. लोक त्यांना सूरवाले म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. आई टपाल कचेरीत होती. मुलगी सहावीत होती. तिला कुठेही अडकलेली बारीक वस्तू दिसली की ती उपटून काढल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून घरात तिचे नाव चिमटी पडले होते. आत येताच तिने माझा एक केस उपटला. सल्ला द्यायला मामाही बरोबर आला होता. सल्ला कोणी मागितला नव्हता.

टायरवाल्याने तीन टायर पुढे ओढले.

"साहेब, हा डांबरी रस्त्याचा राजा. आवाज नाही, पेट्रोल कमी खातो. हा चिखलातला रेडा. कुठेही घाला, निघतो, पण डांबरावर डोकं उठवतो. आणि हा मधला." त्याने माझ्यावर थाप मारली. "डांबरावर चालतो, खडीवर चालतो, पावसात धरून ठेवतो. फक्त जरा गुणगुणतो."

"रेडाच घ्या, भावोजी," मामा म्हणाला. "आणि एक माप मोठा घ्या. गाडी कशी रुबाबदार दिसेल!"

"मोठा घेतला तर वळताना आत घासेल," सूरवाले म्हणाले. "माप आहे तेच ठेवायचं."

"आणि चिखल कुठाय रोज?" आई म्हणाली. "तंबू वर्षातून दोनदा. बाकी वर्षभर माझी टपाल कचेरी आणि ह्यांचे पियानो. आमच्या कचेरीत चिखल नाही रे बाबा, नुसती धूळ आहे. तो राजाच बरा. ह्यांना घरात फ्रिजचा आवाज सहन होत नाही, उठून बंद करतात. दूध नासतं आमचं."

सगळे हसले. सूरवाले हसले नाहीत. टपावर तंबू, आत पाण्याचे कॅन आणि माणसे मिळून वजन किती होईल याचा त्यांनी अंदाज बांधला आणि ते पेलेल का ते विचारले. माझ्या कुशीवरची तयार झाल्याची तारीख वाचली. कूस अंगठ्याने दाबून पाहिली. कुठल्याही शहाण्या गिऱ्हाइकाने विचारावे ते सगळे त्यांनी विचारले. मग त्यांनी असे एक विचारले, जे कोणी विचारत नाही.

"गुणगुणतो म्हणजे किती? ऐकायला मिळेल?"

टायरवाला डोके खाजवू लागला. "टायर बघणारे येतात, दाबणारे येतात, लाथ मारणारेही येतात. ऐकणारे तुम्ही पहिलेच."

त्याच्या स्वतःच्या गाडीला माझ्याच जातीचे टायर होते. तो सूरवाल्यांना त्यात बसवून मोठ्या रस्त्यावर एक फेरी मारून आला. परत आल्यावर सूरवाले म्हणाले, "हेच. पाचही सारखे द्या."

"अहो, पण आवाज?" आईने विचारले.

"सवय होईल."

ज्या माणसाला फ्रिज चालत नाही, त्याने गुणगुणणारा टायर का घ्यावा, हे कोणाला कळले नाही. मामाने तोंड वाकडे केले. चिमटीने माझा आणखी एक केस उपटला. मला मात्र कारण लवकरच कळले, कारण मला चालकाच्या बाजूला पुढे बसवले. माझ्यावर चाकाचा पत्रा, त्यावर गाडीचा तळ, आणि त्यावर सूरवाल्यांचा उजवा पाय.

सूरवाल्यांना साखरेचा आजार होता. ते घरात सगळ्यांना माहीत होते. त्यांचा चहा बिनसाखरेचा होई आणि गोळ्यांची डबी मिठाच्या बरणीशेजारी असे. घरात माहीत नव्हते ते असे, की त्यांच्या उजव्या पायाचा तळवा हळूहळू बधिर होत गेला होता. एकटे कामाला जाताना ते कधी कधी गाडी कडेला थांबवत. बूट काढत, मोजा काढत आणि उघडा तळवा माझ्या नक्षीच्या ठोकळ्यांवर दाबून धरत. जरा वेळ तसेच थांबत. मग म्हणत, "काही नाही." पुन्हा मोजा चढवत, बूट घालत आणि निघत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसे, दुःखही नसे. दुकान बंद आहे हे पाहून माणूस परत फिरतो, तसे ते परत फिरत.

पायाला पेडल कळत नव्हते. किती दाबले ते कळत नव्हते. पण कान शाबूत होते. मी डांबरावर गातो, आणि वेग वाढला की माझा सूर चढतो. चाळीसच्या वेगाला जो सूर लागतो तो सा धरला, तर साठला नेमका प लागतो आणि ऐंशीला वरचा सा. सूरवाल्यांनी हे पहिल्याच आठवड्यात बसवले. पायाने जे सांगायचे ते आता मी सांगत होतो. ते ऐकत आणि त्या अंदाजाने पाय कमीजास्त करत.

घरच्यांना हा खेळ वाटे. चिमटी मागून मान पुढे काढून वेगाच्या काट्यावर हात धरायची.

"बाबा, न बघता सांगा."

"प. साठ."

"एकसष्ट!"

"काटा चुकीचा आहे. दुरुस्त करून घ्यायला हवा."

"बघा, गाडीला पण सूर लावायला निघाले," आई म्हणायची.

तो काळ बरा होता. पहिल्या सहलीला मामा आपली गाडी घेऊन मागून आला होता. रेडा त्याने स्वतः काही घेतला नव्हता, त्याच्या गाडीला राजाच होता. वाटेत भुरभुर पाऊस झाला आणि लाल मातीच्या चढावर त्याचे टायर जागच्या जागी फिरू लागले. आम्ही दात रोवून वर गेलो, आणि मग दोर बांधून त्यालाही वर ओढले. मामाने खाली उतरून माझ्यावर हात फिरवला. "मानलं बुवा," तो म्हणाला. माझे कौतुक झाले ते एवढेच, पण ते माझ्या लक्षात राहिले. त्या सहलीत तो मातीचा चढ सोडला तर मुक्कामाच्या जागेपर्यंत खडीचा रस्ता होता. खडीवर मी गात नाही, पण खडी स्वतःच वाजते. सूरवाल्यांचे काम चालून गेले.

मुक्कामाला पोहोचलो की चिमटी आपले काम सुरू करी. एक बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन ती प्रत्येक चाकापाशी मांडी घालून बसायची आणि आमच्या नक्षीत रुतलेले खडे एकेक करून काढायची. "आतला खडा राहिला तर तो हळूहळू पोखरतो," हे तिला टायरवाल्याने सांगितले होते. तिने ते मनावर घेतले होते. चारही चाके होईपर्यंत ती जेवायला उठत नसे.

मग दुसरी सहल आली. या वेळी मामा नव्हता. एका तळ्याच्या काठी, वाळूवर गवत उगवलेल्या सपाट जागेत तंबू ठोकला. गाडी जरा लांब, कडक जमिनीवर उभी होती. दुपार कलली आणि तळ्यावरून वारा सुटला. तंबूचे कापड फडफडू लागले. स्टोव्ह पेटेना.

"अहो, गाडी जरा पुढे आणून आडवी लावा," आई ओरडली. "वारा अडेल. नाहीतर आज बिनचहाचं झोपावं लागेल."

सूरवाले आले. सकाळपासून ते रबरी चपला घालून काट्याकुट्यांतून सरपण गोळा करत होते. तशाच चपलांनी ते गाडीत बसणार होते. त्याआधी त्यांनी खाली वाकून आमच्यातली थोडी हवा सोडली. वाळूत चाक रुतू नये म्हणून असे करतात, आणि ते बरोबरच होते. हवा कमी झाली की आम्ही पसरतो आणि मऊ जमिनीवर तरंगल्यासारखे चालतो. त्यांनी टायर निवडताना चूक केली नव्हती. हवा सोडतानाही केली नाही. चूक दुसरीकडे होती.

मित्रांनो, ज्या जागेसाठी मला घेतले होते, ती हीच. वाळू, गवत, रस्ता नसलेली जागा. आणि अशाच जागी मी गात नाही. मऊ जमीन माझा आवाज गिळून टाकते. डांबर असते तर मी काही सांगितले असते. इथे मी अगदी मुका होतो. इंजिनाचा आवाज वारा उचलून नेत होता. सूरवाल्यांच्या पायाला काही कळत नव्हते आणि आता कानालाही काही कळेना.

चिमटी तंबूच्या पुढे उभी राहून हाताने खुणा करत होती.

"या, या... अजून या... थोडं डावीकडे... बस."

मी थांबलो नाही.

"बस, बाबा! बाबा, बस! बस!"

सूरवाल्यांनी पाय दाबला. त्यांच्या समजुतीने तो ब्रेकवर होता. तो वेगाच्या पेडलच्या कडेवर होता. मी पुढे उसळलो. चिमटी मागे सरकली, तिचा पाय तंबूच्या दोरीत अडकला आणि ती पाठीवर पडली. आईने स्टोव्ह टाकून झेप घेतली आणि तिला जाकिटाच्या टोपीला धरून ओढले. चिमटी जिथे पडली होती, तिथून मी गेलो. दांड्या मोडल्याचा आवाज आला. तंबू धरून ठेवायला ठेवलेला एक मोठा दगड होता, त्याची धार माझ्या कुशीत घुसली आणि उरलेली हवा एकदम निघून गेली. चाकाची कड दगडावर बसली. इंजिन बंद पडले.

दुखले नाही. मला एवढेच कळले, की आता आत काही उरलेले नाही.

वारा तसाच होता. आईने चिमटीचे हात, पाय, डोके चाचपून पाहिले. काही झाले नव्हते. जाकिटाची टोपी उसवली होती. सूरवाल्यांनी दार उघडले आणि ते पाय बाहेर सोडून तिथेच बसून राहिले.

"ब्रेक दाबला होता," ते म्हणाले.

"दाबला असता तर थांबली असती," आई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. पत्ता चुकीचा आहे, पत्र परत जाईल, असे खिडकीतून सांगावे तसा.

चिमटीला काय करावे ते सुचेना. म्हणून तिने नेहमीचे केले. स्क्रूड्रायव्हर आणला आणि माझ्यापाशी मांडी घालून बसली. माझी चीर तिने पाहिली. तिच्यात बोट घालून पाहिले. मग ती माझ्या नक्षीतले खडे काढू लागली. एक खडा काढला, दुसरा काढला. आणि मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर वडिलांचा उजवा तळवा होता. चप्पल गळून खाली पडली होती.

"बाबा, काटा आहे."

"कुठे?"

"हा काय. केवढा मोठा आहे. रक्त वाळलंय सगळं."

सूरवाले तळ्याकडे बघत होते. चिमटीने काट्याच्या बाजूला बोट टेकवले. मग जरा जोर दिला. मग आणखी. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आता मी काय करतेय?" तिने विचारले.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"दाबतेय. जोरात दाबतेय."

आई जवळ आली. औषधांच्या डब्यातला चिमटा तिने उकळत्या पाण्यात धरून आणला होता, म्हणजे स्टोव्ह शेवटी पेटला होता. तिने काटा काढला. तो चपलेतून आरपार येऊन टाचेत मोडला होता. सूरवाल्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"कधीपासून?" आईने विचारले.

"टायर घेतले त्याच्या आधीपासून."

आईने माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्याकडे पाहिले. एखादी गोष्ट कळायला लागतो तेवढा वेळ लागला.

"म्हणजे तुम्ही पायाचं काम टायरला सांगितलंत?"

"डांबरावर चालत होतं."

"आणि आपण तंबू काय डांबरावर ठोकतो?"

कोणी हसले नाही. आईलाही ते हसण्यासाठी म्हणायचे नव्हते.

मला आईने आणि चिमटीने मिळून काढले. जॅक वाळूत घुसत होता, म्हणून खाली लाकडी फळी ठेवली. सूरवाले पायाला पट्टी बांधून बाजूला बसले होते आणि कुठला नट आधी सैल करायचा ते सांगत होते. मागच्या दारावर टांगलेला आमच्यातला पाचवा खाली आला आणि माझ्या जागी बसला. कडक रस्त्याला लागल्यावर छोट्या पंपाने सगळ्यांत हवा भरली. मी मागे, मोडक्या तंबूवर.

गाडी आईने चालवली. तिला येत होते. लग्नाच्या सुरुवातीला ती चालवायची, पण पुढे "तू बस, मी आहे ना" असे होत होत तिचा हात सुटला होता. पहिले काही गिअर खडखडले. मग रस्ता लागला आणि आत बसून मी प्रथमच माझ्या भावंडांचे गाणे वरून ऐकले. सूरवाले शेजारच्या सीटवर होते. त्यांच्या पायांना काही काम नव्हते.

"किती झाला?" काही वेळाने आईने विचारले. तिच्यासमोर काटा होता. तरी तिने विचारले.

"प च्या किंचित खाली."

"माणसांच्या भाषेत सांगा."

"अठ्ठावन्न."

चिमटीने मागून मान पुढे काढून पाहिले. "बरोबर," ती म्हणाली आणि पुन्हा मागे टेकून बसली.

डॉक्टर म्हणाले, काटा आठवडाभर तसाच राहिला असता तर पाय वाचवणे अवघड होते. गेलेली जाणीव परत येईल असे धरून चालू नका, असेही म्हणाले. पायाची काळजी कशी घ्यायची ते त्यांनी समजावून सांगितले. अनवाणी फिरायचे नाही. बूट घालण्याआधी झटकायचा. आणि तळवा रोज बघायचा, कोणीतरी दुसऱ्याने बघितला तर उत्तम, कारण स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही.

टायरवाल्याने मला एकदा फिरवून पाहिले. "कुशीला गेलंय. इथे पंक्चर काढत नाहीत, ताई. जोडला तर रस्त्यात फुटेल. भंगारात द्या." आई हो म्हणाली. चिमटी नाही म्हणाली. तिचे कारण साधे होते. गॅरेजमध्ये वडिलांची खुर्ची मांडली आणि समोर मला आडवा ठेवला, तर त्यावर टेकवलेला पाय तिच्या नजरेला बरोबर येत होता. तिने ते आदल्या दिवशी मोजून पाहिले होते.

सूरवाले आता गाडी चालवत नाहीत. कामाला बसने जातात. पियानो दूर असेल तर आई सोडते. कधी कधी गाडी दारात येऊन थांबते तेव्हा ते गॅरेजमधूनच म्हणतात, "मागच्या डाव्या टायरची हवा कमी आहे." ती खरोखरच कमी असते. तंबूला नव्या दांड्या बसवल्या आहेत. सहलीचे कोणी अजून बोललेले नाही, पण दांड्या बसवल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, तर तिच्या चाकांकडे वाकून बघत जा. हवा बघा, नक्षी बघा, खडे काढा. आणि घरातल्या माणसांकडेही वाकून बघा. जे दुखते ते स्वतःच ओरडून सांगते, त्याची काळजी नको. जे दुखायचे थांबलेले असते ते काही सांगत नाही. त्याच्याविषयी सगळे म्हणतात, ठीक आहे. मीही तसाच ठीक होतो.

संध्याकाळ झाली की खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. सूरवाले मोजा काढतात आणि उजवा पाय माझ्यावर ठेवतात. चिमटी टॉर्च आणि हातातला आरसा घेऊन समोर मांडी घालते.

"मी काय गाडी आहे?" ते म्हणतात. हे ते रोज म्हणतात.

"गाडी असतात तर बरं होतं. गाडी गप्प बसते. बोटं फाकवा."

ती टाच बघते, कडा बघते, बोटांच्या मधल्या जागा बघते. सावकाश बघते, चारही चाके बघायची तशी. सूरवाल्यांचा पाय माझ्या नक्षीवर टेकलेला असतो. त्यांना मी लागत नाही. मला त्यांचे वजन लागत नाही. आम्ही दोघे तसेच थांबतो.

"आहे काही?" ते विचारतात.

ती टॉर्च आणखी जवळ नेते आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून बघायला लागते.